ट्राममधली खिडकी

मंडळी, गडहिंग्लजहून आत्ताच एसटीनं कोल्हापुरात परतलो. आज माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, दिवसकार्य होतं.

जेवणं उरकल्यावर तिची सून जवळ येऊन बसली. म्हणाली, "मामा, बाळू कोण हो? आत्ती शेवटी शेवटी कॉटवर सारख्या अलीकडं सरकायच्या. 'बाळू, तू खिडकीत बस' म्हणायच्या. आमाला वाटलं, भास हुतोय."

"पोरी, बाळू म्हंजे मीच की." मी म्हणालो.

मग तिला सगळं सांगितलं. वडील मुंबईला गिरणीत होते. सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघांना ट्रामनं फिरवून आणत. शेवटच्या थांब्यावर ट्राम वळत नसे; ड्रायव्हरच या टोकाकडून त्या टोकाला जाई आणि कंडक्टर बाकांच्या पाठी उलट्या करी. तेवढ्या गडबडीतही अक्का मला खिडकीतच बसवायची. ड्रायव्हर पायानं घंटा वाजवी आणि त्या ठेक्यावर ती शाळेतल्या कविता म्हणायची. मला अक्षरं यायच्या आधी त्या कविता पाठ झाल्या होत्या.

"मग मामा, तुम्ही उतरत हुता कुठं?" सुनेनं विचारलं.

थांब्याचं नाव काही केल्या आठवेना. असं अडलं की मी अक्काला फोन करायचो. आजही हात खिशातल्या मोबाईलकडं गेला होता.

तुमच्या लहानपणातलं एखादं नाव विसरलात, तर तुम्ही आता कुणाला विचारता?