शेळी ओरडली की मागे वळायचं

कर्जतच्या मोबाईलच्या दुकानात तो एका फोन कंपनीचा निळा टी-शर्ट घालून उभा असायचा. कंपनी बुडायला आलेली; शेवटचा जोर लावून तिने सिनेमा-गाण्यांसाठी महागडा फोन काढला होता. तो खपवायला हा माणूस. पण कॅमेरा, मेमरी असलं काही तो सांगतच नसे. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जाऊन हळूच फोन वाजवायचा. त्यात त्याच्या घरच्या शेळीचा आवाज रेकॉर्ड केलेला. मीही दचकून मागे वळलो.

"वळला न्हवं? मंग फोन चांगला हाय."

"पण कंपनी टिकेल का?"

"ते मला काय म्हाईत? शेळी खरी वाटली का, येवढं सांगा."

खरी वाटली होती. तरी मी फोन घेतला नाही.

दिवाळीनंतर चार्जर आणायला गेलो, तेव्हा त्याच्या अंगात दुसऱ्याच कंपनीचा लाल टी-शर्ट होता. निळ्या कंपनीचं काय झालं, विचारावंसं वाटलं. तेवढ्यात पाठीमागे तीच शेळी ओरडली, पण पत्र्याच्या डब्यातून ओरडावी तशी. मी वळलो नाही.

तो पुढे आला, हातातला नव्या कंपनीचा फोन काउंटरवर ठेवला आणि दुकानाच्या मालकाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मी बी वळलो नसतो."