अस्तराचं शीड

सकाळपासून वाऱ्यानं नुसता उच्छाद मांडला होता. गल्लीतली धूळ सरळ दुकानात घुसत होती आणि शिलाईमावशी दर पाच मिनिटांनी फडकं मारत होती. हाताखाली औषधवाल्या बाईंचा कोट. अकराला त्या न्यायला येणार, आणि काजं अजून बाकी.

दुकानाच्या ओट्यावर जमलेल्या पोरांना मात्र असलाच वारा हवा होता. सुटीच्या दिवशी मावशी त्यांच्याकडून वाऱ्यावर पळणाऱ्या गाड्या करून घ्यायची. बाटलीच्या बुचांची चाकं, संपलेल्या रिफिलीत झाडूची काडी घालून केलेला आस, टूथपेस्टच्या खोक्याची बैठक आणि वर दुधाच्या पिशवीचं शीड. नियम एकच. घरानं टाकून दिलेलं तेवढंच चालेल. नवं काही दिसलं की गाडी बाद.

मावशीचा तसा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. तीस वर्षं गिऱ्हाइकं तिच्याकडे एकाच नजरेनं बघत आली होती: एवढं कापड दिलं होतं, उरलेलं गेलं कुठं? म्हणून ती बोटभर चिंधीसुद्धा पिशवीत भरून परत द्यायची. आपल्यावर कुणी बोट ठेवू नये यासाठी ती इतकी जपायची, की दुसऱ्यावर बोट ठेवायची तिला सवयच लागली होती.

"मावशी, माझी बघ! सगळ्यांच्या पुढं जाणार," ठिणगी ओरडली. ठिणगी म्हणजे पलीकडच्या तीन मजली इमारतीतली, नऊ वर्षांची, जिभेला हाड नसलेली पोर.

मावशीनं मान वर केली आणि तिच्या हातातली सुई थांबली. ठिणगीच्या गाडीला दुधाच्या पिशवीचं शीड नव्हतंच. निळसर, मऊ, चकाकणारं कापड होतं. आत्ता मांडीवर असलेल्या कोटाचं अस्तर!

"हे कुठनं आणलंस?"

"केरातनं."

"कुणाच्या?"

"आमच्या जिन्याखालच्या डब्यातनं. मागंच उचलून ठेवलं होतं."

"असलं कापड कुणी केरात टाकतं होय? मघाशी कात्री मागायला आत कोण आलं होतं?" मावशीचा आवाज चढला.

"मीच. पण कात्रीच घेतली."

मावशीनं टेबलाखालचा चिंध्यांचा ढीग उपसला. तुकडे लहानमोठे, काय गेलं कसं कळणार? पण संशय एकदा आत शिरला की पुरावा मागत बसत नाही. तिनं गाडी उचलली आणि शीड टराटरा उसवून काढलं.

"चोर ठिणगी!" एक पोरगं हसत म्हणालं. दुसऱ्यानं री ओढली.

ठिणगी रडली नाही. ओठ घट्ट मिटून तिनं उघडीबोडकी गाडी उचलली आणि चालती झाली.

अकराला औषधवाल्या बाई आल्या. मावशीनं कोट दिला, चिंध्यांची पिशवी पुढं केली आणि वर तो तुकडा ठेवला. "हा एक पोरांनी वेडावाकडा कापला, बाई. माझं लक्ष नव्हतं. पण दुकानाबाहेर काही गेलेलं नाही."

बाई कसनुसं हसल्या. "अहो मावशी, एक सांगू? रागावू नका. मागच्या कोटाची पिशवी मी घरी जाता जाता जिन्याखालीच टाकली. दरवेळी टाकते. घेतली नाही तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून आपली नेते."

मावशीनं तुकडा उलटा केला. कडेला तांबड्या खडूची रेघ होती. या कोटाला तिनं पांढरा खडू वापरला होता. तांबडा मागच्या महिन्यात, याच अस्तराच्या आधीच्या कोटाला.

"जिन्याखाली म्हणजे... तुम्ही त्या तीन मजलीत राहता?"

"हो, वरच्या मजल्यावर. का हो?"

 तुकडा उचलून मावशी तशीच चप्पल अडकवून निघाली.

पोरं गल्लीच्या तोंडाशी शर्यत लावून होती. ठिणगी लांब, एका सायकलीला टेकून उभी होती.

"हे घे तुझं शीड. केरातलंच आहे. चुकले मी."

"हळू काय बोलतेस? ओरडलीस तेव्हा सगळ्यांना ऐकू गेलं."

मावशीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तीस वर्षांत असं तिला कुणी सुनावलं नव्हतं, आणि तिच्यावरचा संशय असा चारचौघांत कुणी पुसलाही नव्हता. ती पोरांकडे वळली. "ए! ऐका रे! हिनं काही चोरलेलं नाही. मी खोटा आळ घेतला. पुन्हा कुणी तिला चोर म्हटलं तर ओट्यावर पाय ठेवायचा नाही."

 पोरांतल्या कुणीतरी नाक ओढलं.

"शिवून देऊ पटकन?" मावशीनं विचारलं.

"नको. माझी मी बांधीन." ठिणगीनं तुकडा घेतला, उजेडाला धरून दोन्ही बाजूंनी न्याहाळला, मग मावशीकडेही तसंच बघितलं. गाडी घेऊन ती गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला गेली आणि पाठ करून शीड बांधत बसली.

मावशी थोडा वेळ थांबली. पोरगी काही वळेना. दुकानात शाळेच्या तीन पँटी उंची कमी करायला पडल्या होत्या. ती परत आली, मशीनवरची धूळ पुसली, पहिली पँट उलटी केली आणि उसवायला बसली.