न रडणारी पिटुकली

माझी वहिनी पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेणं हाच तिचा धंदा. नळ कोरडा, पाणी गढूळ, पाइप फुटून अंगणात तळं. जो येतो तो तोंडाचा पट्टा सोडूनच येतो. वहिनी प्रत्येकाला आधी एकच वाक्य ऐकवते, "ऐकलं मी, बघते." तिच्या मते पाणी उशिरा आलं तरी माणूस तग धरतो, पण आपलं कुणीतरी ऐकलं हे त्याला लगेच कळावं लागतं. तिच्या जागी मी असते तर आठवड्याच्या आत कुणाशी तरी हातघाईवर आले असते. म्हणून ती खिडकीवर आहे आणि मी शिलाई मशीनवर.

अशा बाईच्या पदरात अजिबात न रडणारं मूल पडावं, याला काय म्हणायचं?

पिटुकली परदेशातून दत्तक आली. दादा-वहिनी तिला विमानं बदलत घेऊन आले तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. पासपोर्टवरचं तिचं नाव आमच्यापैकी कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून दादाने तिची पिटुकली केली. तिथल्या अनाथालयात एका लांबलचक खोलीत पाळणेच पाळणे आणि सांभाळणाऱ्या बायका मोजक्या. दुधाची बाटली कापडाच्या गुंडाळीला टेकवून ठेवायची, बाळ आपलं आपण पिणार. वहिनीने हे एकदाच सांगितलं, पुन्हा कधी विषय काढला नाही.

घरी मात्र कौतुकाला ऊत आला. "किती गुणी पोर! हूं नाही की चूं नाही, कुणाकडेही जाते," असं माझी आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. रविवारी सगळे नातेवाईक जमले आणि पिटुकली या मांडीवरून त्या मांडीवर फिरली. प्रत्येकाकडे बघून ती सारखंच हसली. दत्तक संस्थेच्या बाईंनी खरं तर बजावलं होतं, की काही महिने तिला भरवणं, आंघोळ, उचलणं सगळं आईबापानेच करायचं. आपली माणसं कोणती ते तिला आधी कळू दे. वहिनीला ते तोंडपाठ होतं. पण खिडकीपलीकडच्या परक्यांना पुरून उरणारी ही बाई सासरच्या माणसांसमोर नुसती हसत उभी राहिली. मला असा राग आला तिचा!

बुधवारी सकाळी पिटुकलीच्या उशीवर पिवळा डाग दिसला. अंग तव्यासारखं तापलेलं. आम्ही तिघं तिला घेऊन दवाखान्यात धावलो.

"कान फुटलाय," डॉक्टर म्हणाले. "दोनेक दिवस तरी ठणकत असणार. मोठा माणूस गडाबडा लोळला असता. रडली नाही ही?"

"नाही," दादा म्हणाला.

"अजिबात?"

दादाने मान हलवली. डॉक्टर कान साफ करत होते आणि पिटुकली मुठी आवळून दिव्याकडे बघत होती. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मला ते बघवेना.

बाहेर आल्यावर वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं. "मी हिला शांत समजत होते गं. हिने हाक मारणंच सोडलंय. कुणी येत नाही, हे हिला ठाऊक आहे."

घरी आई दारातच हात पसरून उभी होती. वहिनी पिटुकलीला घेऊन मागे सरली.

"आई, आजपासून हिला आम्हा दोघांशिवाय कुणी उचलायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"म्हणजे मी परकी?"

"नाही हो. पण तिला अजून मीसुद्धा परकीच आहे."

आई तडक खालच्या मजल्यावर माझ्या घरी आली आणि जेवायला नको म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती वर जायची, खुर्चीवर हात मांडीत धरून बसायची आणि परत यायची.

वहिनीने रजा घेतली. पिटुकलीला झोळीत बांधून ती घरभर वावरायची. पोरीने नाक मुरडलं, कूस बदलली, जांभई दिली, की वहिनी म्हणायची, "ऐकलं मी, आले." न मारलेल्या हाकेला ओ देत होती बाई. पिटुकली तिच्याकडे भिंतीकडे बघावं तशी बघायची. रजा संपत आली.

"आणि ती कधीच रडली नाही तर?" दुपट्यांच्या घड्या घालताना वहिनीने एकदा विचारलं. मी दुपट्याचं दुसरं टोक धरलं.

शेवटी पाइप फुटला तो आमच्याच इमारतीत. जिन्यातून पाणी धो धो वाहू लागलं. आई आणि मी वरच बसलो होतो. दादा कामावर, आणि मुख्य व्हॉल्व्ह कुठला ते वहिनीलाच माहीत. तिने झोळी सोडली, पिटुकलीला माझ्या हातात दिलं आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी येते हं परत." आणि पायऱ्या उतरली.

पिटुकली दाराकडे बघत राहिली. पावलं लांब गेली. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला. आधी गंजलेल्या कडीसारखा एक बारीक आवाज आला आणि मग पोरीने असा टाहो फोडला की भिंती हादरल्या.

आई खुर्चीतून ताडकन उठली, दोन्ही हात पुढे करून. पिटुकलीपासून वीतभर अंतरावर ते हात थांबले. आईने ते मागे घेतले, पाठीशी घट्ट धरले आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडली, "सूनबाई! सोड ते पाणी! तुला बोलावतेय ती!"

वहिनी आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका पायात चप्पल. पिटुकलीने तिच्याकडे दोन्ही हात टाकले. "ऐकलं मी," एवढंच वहिनी म्हणू शकली. तिच्या गळ्याला मिठी मारून पोरगी आणखी मोठ्याने रडू लागली. मी सवयीने "शू, शू" सुरू केलं, तर आईने माझ्या हातावर चापट मारली.

"गप्प नको करूस तिला. रडू दे."

खाली शेजारी पाण्यावरून आरडाओरडा करत होते. आईने आमच्यामागे दार हळूच ओढून घेतलं आणि गुडघे धरत, एकेक पायरी उतरत, स्वतःच व्हॉल्व्ह शोधायला गेली.