तीन नंबरची टाकी

१९८६ सालच्या पावसाळ्यात, एका मंगळवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास, महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कारखान्यात तीन नंबरची टाकी भरून वाहिली. कोणी भाजलं नाही. गरम द्रावण टाकीभोवतीच्या बांधावरून ओसंडलं आणि पावसाच्या पाण्याबरोबर गटारात गेलं. बातमी कुठे आली नाही. मी पुढे बरीच वर्षं वर्तमानपत्रात काम केलं, तेव्हाही ती दिली नाही.

मी तिथे उपकरणं दुरुस्त करणारा मेकॅनिक होतो. टाक्या सहा होत्या. प्रत्येकीवर पातळी मोजणारा एक पत्र्याचा डबा, आणि सगळ्या डब्यांना मिळून एकच केबल. कंट्रोल रूममधलं यंत्र त्या केबलवरून एकेका डब्याला नंबराने हाक मारायचं. ज्याचा नंबर असेल त्यानेच उत्तर द्यायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. हा नंबर डब्याच्या आत, नखाएवढ्या खटक्यांनी ठरवलेला असे. बाहेरून सगळे डबे सारखे. उत्तर वाटेत बिघडलं तर यंत्राला कळत असे. डबा कुठल्या टाकीवर बसला आहे, हे कळायची सोय नव्हती.

पावसाळ्यात डब्यांत दमट हवा शिरायची आणि आकडे नाचायचे. मग आम्ही डबे उतरवून बॉयलरच्या वाफेच्या पाइपाजवळ सुकवायचो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं, पण सगळे करायचे. उतरवताना डब्यावर खडूने टाकीचा नंबर लिहायचा, एवढी काळजी घ्यायची. त्या सकाळी मी तीन आणि पाच नंबरचे डबे एकदम सुकवायला ठेवले. उचलायला गेलो तेव्हा वाफेने खडू पुसला गेला होता. झाकण उघडून खटके बघायला चार स्क्रू काढावे लागले असते. मी अंदाजाने डबे बसवले. दोन्ही डबे उत्तर देत होते, म्हणून मी समाधानी होतो.

टाक्यांवर दुपारच्या पाळीला जे होते त्यांना सगळे मामा म्हणत. वरंधकडच्या एका गावातल्या बौद्धवाडीतून ते एसटीने येत. तीन वर्षं हंगामी म्हणून काम केलं होतं. दिवाळीपूर्वी कायम कामगारांची यादी लागणार होती आणि तिच्यात त्यांचं नाव धरलेलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा मुलगा दहावीला होता.

तीनला दहा मिनिटं असताना त्यांचा इंटरकॉम आला. मी आणि पाळीप्रमुख कंट्रोल रूममध्ये होतो.

"साहेब, तीन नंबर शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत गरम लागतेय. तुमचं यंत्र किती सांगतं?"

"निम्मी," मी म्हणालो.

"निम्मी नाय ती. हात लावून बघितला मी."

"किती वर्षं हातानं मोजणार, मामा?"

पाळीप्रमुख हसले. "विचारा त्यांना, हाताला ताप आलाय का."

मामांनी ते ऐकलं असावं. "ताप नाय साहेब. झाकण उघडून बघू का?"

"पावसात झाकण उघडू नका, पाणी जाईल आत. पंप चालू ठेवा," मी सांगितलं.

त्यांनी पंप चालू ठेवला.

टाकी वाहिल्यावर सगळे पाण्याचे पाइप घेऊन धावले. मी पाच नंबरच्या टाकीवर चढलो आणि डब्याचं झाकण काढलं. आतले खटके तीनवर होते. मी डबे अदलाबदल केले आणि खाली आलो. रोजच्या वहीत लिहिलं, "डबे सुकवले. आकडे ठीक." लिहिलं तेव्हा आकडे ठीकच होते.

गुरुवारी मॅनेजरनी मामांना, पाळीप्रमुखांना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. मामा म्हणाले, "साहेबांनी पंप चालू ठेवायला सांगितला. यंत्र निम्मी दाखवत व्हतं." मॅनेजरनी यंत्र आदल्या दिवशी तपासून घेतलं होतं. ते बरोबर चालत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "मी यंत्रावरचा आकडा सांगितला. टाकीवर लक्ष ठेवायला माणूस असतो." या दोन वाक्यांत खोटं काही नव्हतं. मी ती बुधवारी घरी जुळवून ठेवली होती. पाळीप्रमुख जमिनीकडे बघत राहिले.

त्यानंतरच्या रविवारी महाडच्या एसटी डेपोत मामा भेटले. मी दुसरीकडे बघायच्या आत त्यांनी हाक मारली. त्यांच्या पिशवीत मेथीच्या जुड्या होत्या.

"डबे बदलताना बघितलं मी तुम्हाला," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

"मग केबिनमध्ये बोलला का नाहीत?"

"तुम्ही गेल्यावर बोललो ना. मॅनेजर म्हणाले, डब्यात काय असतं ते सांग. माना काय ठावं डब्यात काय असतं? मग म्हणाले, चल नीघ."

"मी बोलेन त्यांच्याशी," मी म्हणालो.

"बोला," ते म्हणाले आणि गाडीत चढले.

सोमवारी मी मॅनेजरच्या केबिनच्या दारापर्यंत गेलो. ते फोनवर होते. मी थोडा वेळ थांबलो. शिपायाने काय काम आहे विचारलं. मी म्हणालो, "काही नाही," आणि परत आलो. मंगळवारी गेलो नाही.

यादी दिवाळीच्या आधी लागली. नावं अकरा होती. मामांचं नव्हतं. महिनाअखेरीस त्यांचं हंगामी कामही बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्यात पोलादपूरला जाताना रस्त्याच्या कामापाशी आमची एसटी थांबली. मामा घमेल्याने खडी टाकत होते. त्यांच्या शेजारी त्यांचा मुलगा होता. मी खिडकीजवळ बसलो होतो. गाडी सात-आठ मिनिटं उभी होती. मी उतरलो नाही.