विलासची उलटी प्लेट

बोलण्यात मला कुणी हरवू शकत नाही. वागळे इस्टेटमधल्या आमच्या गल्लीत मला थापाड्या म्हणतात, आणि मी ते बिरुदासारखं मिरवतो. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ज्याची दाढी छातीपर्यंत वाढली तो नवरदेव — ती थाप माझीच. पण एका गोष्टीतलं खरं मी आजवर कुणापुढे काढलेलं नाही. बायकोपुढेही नाही. देवापुढे? — तो तिथेच होता, त्याला काय नव्याने सांगायचं?

विलास आणि मी एकाच गॅरेजात. तो मोहन्याचा, मी डोंबिवलीचा. इंजिन बदलायचं काम आलं की मालक आम्हाला जोडीने लावायचा. विलास अबोल, माझी बडबड अखंड. एकदा घोडबंदरकडच्या एका शेठची जुनी गाडी आलेली — त्याच्या वडिलांची. इंजिन पार संपलेलं, दुसरं आणून बसवायचं होतं. पुतण्या बोहल्यावर चढायला याच गाडीतून जाणार, हा शेठचा हट्ट.

नवं इंजिन चेनपुलीला टांगलेलं. विलास गाडीखाली, गिअरबॉक्स सांभाळत. क्लच प्लेट माझ्या हातात. तिची एक बाजू सपाट असते, एक फुगीर. सपाट बाजू इंजिनाकडे. उलटी बसली तर पाय कितीही दाबा, क्लच सुटत नाही. हे काय मला ठाऊक नव्हतं? झोपेत विचारलं असतंत तरी सांगितलं असतं. पण मी जागा होतो — आणि बोलत होतो. येऊरच्या जंगलातला बिबट्या आमच्या गॅरेजात शिरून एसी लावून मागच्या सीटवर झोपला, ही गोष्ट तेव्हा ताजी होती. शेजारच्या गाळ्यातले लोक जमलेले. बिबट्या नुकता जांभई देत होता. त्या जांभईच्या नादात मी प्लेट बसवली, वरून झाकण आवळलं.

खालून विलासने विचारलं, "बघून बसवलीस ना रे?"

"डोळे मिटून!" मी म्हटलं. लोक हसले.

सगळं जोडून होईस्तोवर लग्नाची सकाळ उजाडली. शेठ माणसं आणि फुलांच्या माळा घेऊन हजर. इंजिन झकास सुरू झालं — पण गिअर पडेना. नुसता करकराट. विलासने पेडल दोनदा दाबून पाहिलं. "प्लेट उलटी बसलीय," तो हळूच म्हणाला.

"कुनी बसवली रं?" शेठ गरजला.

विलासने माझ्याकडे पाहिलं. मला एकच अक्षर म्हणायचं होतं — मी. आणि मी काय म्हटलं?

"शेठ, ह्याचं स्वतःचं लग्न जमत नाही ना! नवऱ्याची गाडी बघितली की ह्याला सगळं उलटंच दिसतं."

शेठसुद्धा हसला. विलास थांबला — हसणं ओसरेपर्यंत थांबला. मी आता तरी बोलेन, असं त्याला वाटलं असेल का? मग तो गाडीखाली सरकला आणि गिअरबॉक्स परत सोडवायला लागला.

तेवढ्यावर राहिलं असतं तर — पण गोष्ट जमलेली होती हो! चहाच्या टपरीवर मी ती रंगवून सांगायला लागलो. नवरा रिक्षातून गेलेला. माझ्या तोंडी तो म्हशीवर बसला. विलासचं नाव उलटा विलास पडलं. गिऱ्हाइकं म्हणायची, माझ्या गाडीला त्याचा हात नको. मालकाने त्याला पंक्चर आणि धुलाईवर बसवलं. शेवटी तो मोहन्याच्या बाजूला एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. मी हे थांबवू शकलो असतो? कुठल्याही दिवशी.

त्याने मला कधी एक शब्द विचारला नाही. मागच्या वर्षी तो गेला.

वर्षश्राद्धाला मी मोहन्याला गेलेलो. विलासचं लग्न उशिरा झालं, त्याची मुलगी आता कॉलेजात आहे. जेवणं उरकल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. "काका, बाबांची ती प्लेटची गोष्ट सांगा ना. बाबा स्वतःच सांगायचे, माझ्याकडून उलटी बसली म्हणून. पण त्यांना काही तुमच्यासारखी रंगवता यायची नाही."

म्हणजे घरातसुद्धा त्याने माझं नाव घेतलं नव्हतं.

आणि मी सांगितली. म्हशीसकट. ती पोट धरून हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "बिचारे बाबा. त्यांना खरंच काम येत नव्हतं ना, काका?"

मी हो म्हटलं.