मर्डो मास्तरांचा पंधरावा दगड

मर्डो गेडिस मास्तरांनी छत्तीस वर्षे ग्लेन आर्दाखच्या शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्त होताच तोच इतिहास डोंगरावर नेला. दर वर्षी जूनच्या पहिल्या शनिवारी, सकाळी ठीक नऊ वाजता, त्यांची पदयात्रा ओढ्यावरच्या पुलापासून निघे. मिनिटभर उशिरा येणाऱ्याला ते नुसते घड्याळ दाखवीत.

नियम ठरलेला होता. प्रत्येकाने ओढ्यातून मुठीएवढा दगड उचलायचा आणि माथ्यावरच्या दगडांच्या राशीवर ठेवायचा. एकदा ठेवलेला दगड कुणीही हलवायचा नाही. यंदा मास्तरांचा पंधरावा.

काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी लगडली होती. दरीपलीकडे कुक्कू पक्षी ओरडत होता. मास्तरांची जुनी विद्यार्थिनी, मेंढपाळ एफी रॅट्रे, कुत्र्यासह मागून चालत होती. मास्तर चालता चालता इथल्या जुन्या लढाईत किती गडी मेले ते सांगत होते.

"मास्तर, तुमची लढाई दर वर्षी वाढतेय हो! मी शाळेत होते तेव्हा चाळीसच मेले होते."

"तू तेव्हा खिडकीबाहेर मेंढ्या मोजत होतीस, एफी."

माथ्यावर मास्तरांनी टोपी काढली. "लढाईला जाताना प्रत्येक गडी इथे एक दगड ठेवून गेला. जे परतले, त्यांनी आपापला उचलून नेला. उरले ते न परतलेल्यांचे." एवढे बोलून त्यांनी आपला दगड एका फटीत नेमका बसवला.

तोच चोचीत अळ्या धरलेला, पांढऱ्या बुडाचा एक चिमुकला पक्षी राशीभोवती कासावीस होऊन घिरट्या घालू लागला. आतून बारीक चिवचिव ऐकू आली.

"झालं! पिल्लांचं दार लावलंत तुम्ही," एफी म्हणाली. "आता एक तर नियम पाळा, नाहीतर पिल्लं."

बरोबरचे अकरा जण मास्तरांकडे पाहत राहिले. चौदा वर्षांत एकही दगड हलला नव्हता. मास्तरांनी टोपी डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली.

"परतलेल्यांनी आपला दगड नेला होता," ते सावकाश म्हणाले. "मी तर परतणारच आहे."

त्यांनी दगड उपसला. हात बाजूला होतो न होतो तोच पक्षी आत शिरला.

"तुम्हीही सगळे धडधाकट आहात. आपापले हातातले दगड खिशात घाला!"

"उतरतानाही ओझं? आणि वाटेत कुणी गचकलं तर?" एफीने विचारले.

"त्याचा दगड ऑगस्टमध्ये आणून ठेवू. तोवर पिल्ले उडालेली असतील."

लोंबकळत्या खिशांनी मंडळी पुलाशी पोहोचली, तेव्हा परतीच्या ठरल्या वेळेपेक्षा चार मिनिटे उशीर झाला होता. मास्तरांनी कुणालाही घड्याळ दाखवले नाही.