आमच्यात लेकीचं घेत नाहीत

डायलिसिसच्या खाटेवर झोपलेला माणूस पुरता झोपलेला नसतो. आण्णा, म्हणजे माझे वडील, डोळे मिटून पडलेले असायचे. डाव्या हातातून रक्त नळीने मशीनमध्ये जायचं, धुऊन परत यायचं, आणि मध्येच ते बोलायला लागायचे. बहुतेक पाण्याबद्दल. गावाकडच्या विहिरीच्या पायऱ्या, भोसरीच्या प्रेस शॉपमधल्या कूलरचं गार पाणी. एकदा त्यांनी मला विचारलं, पोहरा वर आला का. मी आला म्हटलं. चहा-आमटी धरून दिवसाला तांब्याभर पाण्याची मुभा होती त्यांना. झोपेत तरी पिऊ देत, असं मला वाटायचं.

मी शेजारच्या स्टुलावर बसून असायचे. चाकणचं ऑफिस उरकून थेट यायचे, त्यामुळे मशीनच्या संथ घरघरीत माझेही डोळे मिटत. मग मलाही ती विहीर दिसायची. गंमत म्हणजे मी ती भरलेली कधी पाहिलीच नव्हती, माझ्या कळत्या वयात ती बुजली होती. तरी मला तिचं पाणी दिसायचं, हिरवं, थंड, वर एखादं लिंबाचं पान. जागी झाले की घसा कोरडा पडलेला असायचा, आणि बाटली पर्समध्ये असूनही त्यांच्यासमोर पाणी प्यायला धजावायचे नाही.

आण्णा तरुणपणी धाराशिवकडून इकडे आले. आयुष्य भोसरीत प्रेस मशीनवर काढलं आणि निवृत्त झाल्यावर तळेगाव दाभाड्याला गुंठाभर जागेत घर बांधलं. मी त्यांची थोरली. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात जाऊन पदवी घेतलेली पहिली मीच. पहिली मुलगी नव्हे, पहिलं माणूस. मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवण्याचं काही कारण नाही. मी चाकणच्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळते आणि नवरा व मुलीसोबत मोशीत राहते.

घरातल्या कोणाची किडनी मिळाली तर सगळ्यात चांगलं, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आईचा प्रश्नच नव्हता, तिला साखरेचा त्रास. धाकटा भाऊ लगेच म्हणाला, माझी घ्या. आण्णांनी नुसती होकाराची मान हलवली. तपासण्या सुरू झाल्या आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खडे निघाले. दवाखान्याच्या जिन्यात तो भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला चहा पाजला आणि वर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, आता माझ्या तपासण्या करा.

आण्णांनी एकच वाक्य धरून ठेवलं. "आमच्यात लेकीचं घेत नाहीत."

हे मला नवीन नव्हतं. लग्नानंतर मला मुलगी होईपर्यंत आई-आण्णांनी माझ्या घरात पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. जुन्या माणसांत अजून पाळतात हे. नातीच्या बारशाला पहिल्यांदा जेवले, तेही ताटाखाली नोट ठेवून. त्यानंतर कधीही आले तरी शेंगदाण्याची पिशवी, केळी, निदान ब्लाउज पीस तरी हातात असायचाच. लेक दिली की तिला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं. मी शिकले-सवरले, नोकरी करते, पण त्यांच्या लेखी ही गोष्ट जागची हलली नव्हती.

मी म्हटलं, आण्णा, हे जेवण नाही.

"जेवणापेक्षा मोठंय, म्हणूनच तर म्हणायलो," ते म्हणाले.

शेवटी आई भडकली. भाकरी थापता थापताच म्हणाली, "माझी घ्यायची तर साखर आडवी आली, पोराची घ्यायची तर खडे. आता काय दुकानातून आणायची व्हय?"  आण्णा बरेच दिवस तो विषय टाळत राहिले. आणि मग एके दिवशी, मशीनवरून उठता उठता, अगदी सहज म्हणाले, बरं, कर काय करायचं ते. मला वाटलं, मी जे इतकं समजावून सांगत होते, रिपोर्टातला एकेक इंग्रजी शब्द मराठीत करून, त्याचा परिणाम झाला. आईला वाटलं, तिच्या बोलण्याचा झाला. आम्ही दोघी खूश होतो.

नवऱ्याची संमती लागते. तो एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, बोलतो कमी. त्याने एवढंच विचारलं, फार दुखेल का. मी म्हटलं, मशीन उघडून एक पार्ट काढायचा, तुला तर माहितीये. तो म्हणाला, मशीनला आम्ही पार्ट परत बसवतो. मग आम्ही दोघं हसलो, आणि तो उठून गॅलरीत जाऊन बराच वेळ उभा राहिला. दिवसभराची लघवी साठवायचा मोठा कॅन घरी आला तेव्हा मात्र तो पूर्ववत झाला होता. म्हणाला, नाव लिही त्याच्यावर, नाहीतर मी कूलंट समजून गाडीत ओतीन.

ते हिवाळ्याचे दिवस होते. डॉक्टरांनी माझं वजन थोडं उतरवायला सांगितलं होतं, म्हणून आम्ही सकाळी इंद्रायणीच्या बाजूला चालायला जायचो. धुकं इतकं दाट असायचं, की मोशीतल्या नव्या इमारतींचे वरचे मजले दिसतच नसत. पाचव्या-सहाव्या मजल्यापाशी त्या नुसत्या विरून गेलेल्या. तिथे वर कोणी राहत असेल हे खरं वाटायचं नाही. रात्रपाळी संपवून परतणाऱ्या कंपनीच्या बस आतले दिवे लावून हळूहळू सरकायच्या, खिडकीला टेकलेली झोपलेली तोंडं घेऊन. मी चालत असायचे आणि माझा एक हात आपोआप डाव्या कुशीवर जायचा. आत काहीच जाणवत नाही. पोट जाणवतं, काळीज जाणवतं, किडनी काही जाणवत नाही. इतकी वर्षं ही बाई एका शब्दानं न बोलता आत काम करत बसलीये, असं काहीतरी मनात यायचं.

मग एक स्कॅन झाला. हातात किरणोत्सारी औषध टोचून मला आडवं केलं आणि हलू नका म्हणाले. बाजूच्या पडद्यावर काळोखात दोन ठिपके उजळायला लागले. आधी धूसर, मग हळूहळू भरत गेले, पहाटे दोन खिडक्यांत दिवे लागावेत तसे. ते माझे होते. मी माझ्याकडेच लांबून बघत होते. तिथल्या मुलीने सांगितलं, आज दिवसभर लहान मुलांना जवळ घेऊ नका. लेकीला शेजारच्या काकूंकडे पाठवलं आणि मी संध्याकाळपर्यंत गॅलरीत एकटी बसले. खाली लेक खेळत होती, अधूनमधून वर बघून हात हलवत होती. मला वाटत होतं, अंधार पडला की मी दिसेन तिला, कंदिलासारखी.

सगळं जुळलं. राहिली होती फक्त समितीपुढची मुलाखत. किडनी कोणी विकत नाही ना, कोणावर जबरदस्ती नाही ना, हे तिथे कॅमेऱ्यासमोर विचारतात.

लांबट टेबलामागे चारपाच जण, कोपऱ्यात तिपाईवर कॅमेरा. आधी मला एकटीला बोलावलं. कोणी दडपण आणलंय का, काही देऊ केलंय का, असं विचारलं. मी ताठ बसून सांगितलं की मी शिकलेली आहे, स्वतः कमावते, मला कोणी काही देऊ केलेलं नाही. मग नवऱ्याला विचारलं. मग आण्णांना आणि मला एकत्र बसवलं.

अध्यक्ष वयस्कर होते, बोलायला मऊ. म्हणाले, "काका, मुलगी किडनी देते आहे. तुम्ही तिला त्याबद्दल काही देणार आहात का?"

आण्णांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता. हाच प्रश्न कधी विचारतात याची ते वाट बघत असावेत. त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली आणि टेबलावर दोन सोन्याच्या पाटल्या ठेवल्या. नव्या, झळझळीत. आईच्या होत्या त्या. सोनाराकडे आटवून माझ्या मनगटाच्या मापाच्या घडवून आणल्या होत्या.

"दिल्याबिगर कसं घ्यावं, साहेब? लेक हाय ती," आण्णा म्हणाले. "तुम्हा मोठ्या माणसांसमोर दिलेलं बरं. साक्षीला."

कॅमेऱ्यावरचा लाल ठिपका तेवढा जळत होता. टेबलामागच्या एक बाई हळूच म्हणाल्या, "काका, किडनीच्या बदल्यात हे?"

"व्हय," आण्णा म्हणाले. अगदी अभिमानानं.

ते तयार कसे झाले, हे मला तेव्हा कळलं.

अध्यक्षांनी समजावून सांगितलं. रागावले नाहीत. म्हणाले, तुमच्या मनात काय आहे ते आम्हाला कळतंय, पण अवयवाच्या बदल्यात काहीही घेणं-देणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि आता हे रेकॉर्डवर आलंय. चौकशी करावी लागेल. पुढच्या बैठकीत बघू. आण्णा एकदा त्यांच्याकडे आणि एकदा पाटल्यांकडे बघत होते. मग त्यांनी रुमालाला परत गाठ मारली. गाठ बसेना. मी मदत केली नाही. मला राग आला होता.

दवाखान्याच्या दिवशी आई-आण्णा मोशीला आमच्याकडेच उतरायचे. तिथे आल्यावर तो राग बाहेर पडला. मी विचारलं, आण्णा, धाकट्याची घेणार होतात तेव्हा काय घडवायला टाकलं होतं?

त्यांनी रुमाल आईच्या हातात दिला.

"त्याची ती तुमचीच. आणि माझी परक्याची. असंच ना?"

आई म्हणाली, गप की गं. आण्णा फरशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचं वेगळं असतंय."

"कसं वेगळं?"

"माहीत नाही, बाई. असतंय."

आईने पाटल्या आपल्या हातात चढवून बघितल्या. त्या आता माझ्या मापाच्या, तिच्या अंगठ्याच्या हाडापाशी अडकल्या. साबण लावून काढाव्या लागल्या. धड तुझ्या ना माझ्या करून ठेवल्या या माणसानं, ती म्हणाली, आणि त्या कपाटात टाकल्या.

पुढची बैठक लांबली. तोवर मशीन चालूच. एका रविवारी आण्णांना आडवं होता येईना. पाणी फुप्फुसात चढलं होतं. ऑक्सिजन लावून घाईने डायलिसिस केलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकत चाललंय, फार ताणू नका. मी म्हटलं, ताणत आम्ही नाही. पण ते सगळं त्यांना काय सांगायचं. समितीपुढे आण्णांनी एक वाक्य बोलायचं होतं आणि ते त्यांच्या तोंडून निघेल याची मला खात्री नव्हती. खोटं ते बोलणार नाहीत. मनात देण्याचं असलं तर देणार आहे असंच सांगतील.

आण्णा, समितीपुढे नुसतं नाही म्हणा, मागाहून काय द्यायचं ते द्या, असं मी कितीदा ओठांवर आणलं आणि गिळलं. त्या दुपारी मशीन घरघरत होतं, पडद्यातून पिवळट ऊन येत होतं, मी अर्धवट पेंगले होते. आण्णांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"लेक दिली की बापाचा हात वर राहावा लागतो. तेवढंच राहतंय बापाकडं. हात खाली केला की मग मी कोण?"

जागेपणी बोलले की झोपेत, मला कळलं नाही. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. माझा राग कुठे गेला तेही कळलं नाही. मनात आलं, या माणसानं आयुष्यभर मला दिलं आणि मी घेतलं, आणि घेताना मला कधी जड गेलं नाही. शाळेची फी, कॉलेजचा पास, लग्न. घ्यायचं कसं ते मला येतं. त्यांना ते कोणी शिकवलंच नाही.

मी वाकून म्हटलं, "आण्णा, मी घेतच आले की. मी कोण झाले?"

मशीनची घरघर तेवढी.

बैठकीच्या दिवशी आण्णांनी इस्त्रीचा सदरा घातला. आतला खिसा रिकामा होता, मी बघितलं. तेच टेबल, तोच कॅमेरा. अध्यक्षांनी तोच प्रश्न विचारला. आण्णा उभे राहिले. बसा म्हणाले तरी बसले नाहीत. माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं. इतका वेळ गेला, की टेबलामागच्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो त्यांनी घेतला नाही.

"काय बी नाही," ते म्हणाले.

"पूर्ण सांगा, काका."

"लेकीचं घ्यायलोय. तिला काय बी देत नाही." श्वास घ्यायला थांबले. "मनात होतं. काढून टाकलं. तसंच घ्यायलोय, फुकट."

मग खाली बसले, एखादं ओझं उतरवून ठेवल्यासारखे नाही, उचलून घेतल्यासारखे. मला विचारलं, तुमचं काय म्हणणं. मी चांगली चारपाच वाक्यं तयार करून नेली होती. त्यातलं एकही आठवलं नाही. मी नुसतं हो म्हटलं.

परवानगी त्याच दिवशी मिळाली. आई माझ्या नवऱ्याच्या गाडीवर पुढे गेली, मी आणि आण्णा रिक्षात बसलो. ऊन उतरलं होतं. नाशिक फाट्याला गर्दीत रिक्षा हळू झाली आणि आण्णा झोपले. आधी मान झुकली, मग खांदा, मग सगळं अंगच माझ्यावर आलं. ते इतके जड असतील असं वाटलं नव्हतं. या वेळी ते काही बोलत नव्हते, पुरते झोपले होते. भोसरी गेली, त्यांच्या जुन्या कंपनीकडे जाणारा रस्ता गेला. माझा हात मुंग्या येऊन बधिर झाला. रिक्षावाल्याने मागे न बघता विचारलं, मॅडम, मोशीत कुठून आत घ्यायची. बोलले असते तर ते जागे झाले असते. मी दुसरा हात पुढे केला आणि बोटानेच दाखवलं, सरळ.